सारखे डोस, असमान संरक्षण

सर्वांना एकच लस, सर्वांना सारखेच दोन डोस. यात अन्याय कुठे आला, असे कोणीही विचारील. कोरोनाच्या काळात आपल्या राज्यकर्त्यांनी याच सारखेपणाचा मोठा गवगवा केला. किती कोटी डोस झाले याचे आकडे रोज जाहीर होत होते, फलक लागत होते, प्रमाणपत्रांवर छायाचित्रे छापली जात होती. या गलबल्यात एका लहानशा समूहाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. हा समूह म्हणजे दुसऱ्याच्या किडनीवर, दुसऱ्याच्या यकृतावर किंवा दुसऱ्याच्या हृदयावर जगणारी माणसे. इतरांना दोन डोसांनी जे संरक्षण मिळाले ते या माणसांपैकी अनेकांना मिळालेच नाही. सरकारी नोंदवहीत मात्र तीही 'पूर्ण लसीकरण झालेली' होती.

आम्ही हा विषय आज मुद्दाम काढत आहोत. साथ ओसरली की तिचा हिशेब मागायचा नाही, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, पण विषाणू संपलेला नाही. २०२५ च्या मे-जून महिन्यांत देशात रुग्ण पुन्हा वाढले, तेव्हा धडधाकट माणसाने चार दिवस ताप सोसला आणि तो कामाला लागला. प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या घरात मात्र तो ताप पुन्हा भीती घेऊन आला. ही भीती नेमकी कशाची, हे आधी समजून घेतले पाहिजे.

पहारेकऱ्याला झोपवून जगणे

आपल्या शरीरात प्रतिकारशक्ती नावाचा एक पहारेकरी असतो. बाहेरून आलेला जंतू, विषाणू, परकी पेशी तो ओळखतो आणि तिच्यावर तुटून पडतो. त्याच्यामुळे आपण जगतो. पण या पहारेकऱ्याला दान कळत नाही. आईने मुलाला दिलेली किडनीदेखील त्याच्या लेखी परकीच. तो तिच्यावर हल्ला चढवतो आणि मिळालेला अवयव निकामी करू पाहतो. म्हणून प्रत्यारोपणानंतर त्याला औषधे देऊन झोपवून ठेवावे लागते. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही त्या औषधांची नावे. ऑपरेशन एकदाच होते, गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. गोळ्या चुकल्या तर अवयव जातो. गोळ्या घेतल्या तर पहारा ढिला पडतो आणि साधा जंतूसुद्धा घरात शिरतो. या दोन संकटांच्या मधल्या अरुंद वाटेवरून हा रुग्ण रोज चालत असतो.

त्या वाटेवर २०२० मध्ये कोरोना येऊन उभा राहिला. अशा रुग्णाला लागण झाली की डॉक्टरांपुढे पेच पडे. विषाणूशी लढायचे तर झोपेची औषधे कमी केली पाहिजेत. साधारणपणे मायकोफेनोलेट आधी थांबवले जाई, प्रेडनिसोलोन चालू ठेवले जाई, टॅक्रोलिमसची मात्रा रक्त तपासून ठरवली जाई. पण औषध कमी केले की शरीर अवयव नाकारण्याचा धोका वाढतो. म्हणजे जीव वाचवताना किडनी जायची आणि किडनी वाचवताना जीव. त्यातून काहींच्या शरीरात विषाणू आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकून राही. इतरांचा अहवाल दहा-पंधरा दिवसांत निगेटिव्ह येई, यांचा महिना उलटला तरी पॉझिटिव्हच. विषाणू शरीरात जितका जास्त काळ राहील, तितकी त्याला रूप बदलण्याची संधी जास्त. म्हणजे या रुग्णांची हेळसांड हा केवळ त्यांच्यापुरता प्रश्न नव्हता, तो साऱ्या समाजाच्या आरोग्याचा प्रश्न होता.

ब्राँक्सपासून भारतापर्यंत

आता आकडे पाहू. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात ब्राँक्स नावाचा भाग आहे. कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या कष्टकऱ्यांची ही वस्ती. तेथील माँटेफिओरे रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०२० च्या मार्चमध्ये लागण झालेल्या, किडनी प्रत्यारोपण झालेल्या ३६ रुग्णांची नोंद एप्रिल महिन्यात प्रसिद्ध केली. तीन आठवड्यांत त्यांतील १० जण दगावले होते. शंभरात २८. त्या वेळी सर्वसाधारण रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शंभरात एक ते पाच एवढे धरले जात होते. मृतांपैकी दोघे तर रुग्णालयात दाखलही नव्हते. घरीच देखरेखीखाली होते, घरीच गेले.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे आणि आमच्या वाचकांनी तो लक्षात ठेवावा. ३६ पैकी १४ जण कृष्णवर्णीय होते आणि १५ लॅटिन अमेरिकी वंशाचे. म्हणजे ३६ पैकी २९. विषाणूला वर्ण कळत नाही, वंश कळत नाही, हे खरेच आहे. पण विषाणू ज्या घरात शिरतो त्या घरात किती माणसे एका खोलीत झोपतात, घरातला कमावता कोणत्या गर्दीतून कामाला जातो, त्याला घरी बसून पगार मिळतो की नाही, हे सगळे समाजाने आधीच ठरवून ठेवलेले असते. रोग शरीरात होतो, पण त्याची वाट समाजातून जाते. हे आम्हाला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही.

भारतातील अनेक प्रत्यारोपण केंद्रांतील डॉक्टरांनी मिळून २०२० च्या मार्च ते सप्टेंबर या काळातील २५० किडनी प्रत्यारोपित रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतील ११.६ टक्के रुग्ण मरण पावले. साधारण नऊजणांमागे एक. ज्यांना कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवावे लागले त्यांतले जवळजवळ कोणीच वाचले नाही. आणि हे आकडे पहिल्या लाटेचे आहेत. २०२१ च्या उन्हाळ्यातली दुसरी लाट, ऑक्सिजनसाठीची वणवण आणि त्यापाठोपाठ आलेली काळी बुरशी यापुढेच होती. मधुमेह, स्टेरॉइड आणि दबलेली प्रतिकारशक्ती ही त्या बुरशीला पोसणारी त्रयी. प्रत्यारोपण झालेल्या अनेकांच्या शरीरात ही तिन्ही एकत्र नांदत होती.

जे अजून प्रत्यारोपणाच्या रांगेत उभे होते त्यांचे हालही कमी नव्हते. देशात २०१९ मध्ये साडेबारा हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली होती. २०२० मध्ये हा आकडा साडेसात हजारांच्याही खाली आला. टाळेबंदीत शस्त्रक्रिया थांबल्या, लोकल बंद, एसटी बंद. पण डायलिसिस थांबवता येत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा घराबाहेर पडून, इतर रुग्णांशेजारी चार-चार तास पडून राहणे भाग होते. 'घरात राहा, सुरक्षित राहा' ही घोषणा त्यांच्यासाठी नव्हतीच.

ते सोडून अवयव मिळावा, तर त्यातही धोका. अमेरिकेतील मिशिगन येथे २०२० मध्ये एका स्त्रीला दोन्ही फुप्फुसे बसवण्यात आली. दात्याच्या नाकातील नमुना निगेटिव्ह होता, विषाणू मात्र फुप्फुसांत खोलवर दडलेला होता. ती रुग्ण ६१ दिवसांनी दगावली. फुप्फुसे हाताळणाऱ्या शल्यविशारदालाही लागण झाली, तो बरा झाला. त्यानंतर फुप्फुसदात्यांच्या श्वासनलिकेतील खोलचे नमुने तपासण्याचा आग्रह वाढला. चूक सापडली की पद्धत बदलायची, विज्ञान असेच चालते. राज्यकारभारही असाच चालायला हवा होता.

लस घेतली, पण लागली का?

लस म्हणजे पहारेकऱ्याला दाखवलेले चोराचे छायाचित्र. पण पहारेकरीच झोपवलेला असेल तर छायाचित्र दाखवून काय उपयोग? अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी याची मोजदाद केली. २०२१ च्या मार्चमध्ये त्यांनी सांगितले की, लसीचा पहिला डोस घेतलेल्या ४३६ प्रत्यारोपित रुग्णांपैकी फक्त १७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. मे महिन्यात ६५८ रुग्णांचा अहवाल आला. दोन डोसांनंतरही प्रमाण ५४ टक्केच होते. म्हणजे शंभरातले ४६ जण दोन्ही डोस घेऊन कोरेच. धडधाकट माणसांत हेच प्रमाण जवळजवळ शंभर टक्के होते. हे अभ्यास एमआरएनए लसींचे होते, आपल्याकडे दिल्या गेलेल्या कोविशील्ड-कोव्हॅक्सिनचे नव्हते, हे खरे. पण औषधांनी झोपवलेले शरीर अमेरिकेतले असो वा अमरावतीतले, त्याची अडचण तीच.

मग उपाय काय? उपायही संशोधनानेच सांगितला. फ्रान्समधील तुलूझ येथे १०१ प्रत्यारोपित रुग्णांना तिसरा डोस दिला गेला. त्याआधी ४० टक्क्यांत प्रतिपिंडे होती, त्यानंतर ६८ टक्क्यांत दिसली. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना लाभ झाला. फ्रान्सने २०२१ च्या एप्रिलमध्येच अशा रुग्णांना तिसरा डोस देण्याची शिफारस केली. अमेरिकेने ऑगस्टमध्ये परवानगी दिली आणि दुसऱ्या डोसानंतर २८ दिवसांनी तिसरा द्यावा असे ठरवले. ब्रिटनने सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी तीव्र प्रतिकारशक्तिक्षीण रुग्णांसाठी तशीच शिफारस केली. ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही तेच सांगितले. या देशांनी तिसऱ्या डोसाला चैन मानले नाही. या रुग्णांचा मूळ लसीकरणक्रमच तीन डोसांचा, असे मानले.

पासपोर्टला सवलत, रुग्णाला नाही

आता आपल्याकडचे वेळापत्रक पाहा. १ मार्च २०२१ रोजी ६० वर्षांवरील सर्वांना आणि ४५ ते ५९ वयातील सहव्याधिग्रस्तांना लस खुली झाली. त्यासाठी केंद्राने वीस आजारांची यादी काढली. त्या यादीत प्रत्यारोपण झालेल्या आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीतील रुग्णांचा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे सरकारला ही माणसे ठाऊक नव्हती, असे म्हणायला जागा नाही. पण ४५ च्या आतल्या रुग्णाला १ मे पर्यंत थांबावे लागले. त्याची किडनी जणू ४५ वर्षे पूर्ण झाल्यावरच धोक्यात येणार होती!

१३ मे रोजी कोविशील्डच्या दोन डोसांमधील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले. धडधाकट माणसासाठी या निर्णयामागे काही शास्त्रीय आधार सांगता येत होता. पण ज्याच्या शरीरावर पहिल्या डोसाचा परिणाम जेमतेम होतो, त्याला तीन-चार महिने तशाच उघड्या छातीने फिरायला लावणे कोणत्या शास्त्रात बसते? बरे, नियमाला अपवाद करता येत नव्हता असेही नाही. ७ जून २०२१ रोजी केंद्राने अपवाद केला. परदेशात शिकायला जाणारे, परदेशात नोकरीला जाणारे आणि टोकियो ऑलिंपिकचे पथक यांना २८ दिवसांनी दुसरा डोस घेण्याची मुभा मिळाली. त्यांना ती मिळाली याचे आम्हाला दुःख नाही. विद्यार्थ्यांचे वर्ष वाया जाऊ नये, हे योग्यच. पण त्या सवलतीच्या यादीत दुसऱ्याच्या किडनीवर जगणारा माणूस नव्हता. पासपोर्ट दाखवणाऱ्यासाठी अंतर कमी होऊ शकते, मग प्रत्यारोपणाचे कागद दाखवणाऱ्यासाठी का नाही?

पुढे १० जानेवारी २०२२ पासून तिसरा डोस सुरू झाला. त्याला नाव दिले 'खबरदारीचा डोस'. तो आरोग्य कर्मचाऱ्यांना, आघाडीवरील कर्मचाऱ्यांना आणि ६० वर्षांवरील सहव्याधिग्रस्तांना. दुसऱ्या डोसानंतर नऊ महिने पूर्ण झालेले हवेत ही अट. १८ ते ५९ वयाच्या इतरांसाठी तो १० एप्रिल २०२२ रोजी खुला झाला, तोही खासगी केंद्रांत, पैसे मोजून. लसीचे २२५ रुपये आणि सेवाशुल्क १५० रुपयांपर्यंत. मोफत तिसरा डोस सर्व प्रौढांना १५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस मिळाला.

हे वेळापत्रक एका माणसाच्या आयुष्यावर ठेवून पाहू. समजा, ४२ वर्षांचा एक रिक्षाचालक आहे. बायकोने दिलेल्या किडनीवर तो जगतो. वयामुळे त्याला मे २०२१ पर्यंत लस नाही. मोबाइलवर नोंदणीची धडपड करून २५ मे रोजी त्याला पहिला डोस मिळाला असे धरू. दुसरा ८४ दिवसांनी, १७ ऑगस्टला. तिसऱ्यासाठी नऊ महिने थांबायचे, म्हणजे १७ मे २०२२. तोही पदरचे पैसे देऊन, नाही तर जुलैपर्यंत आणखी थांबून. पहिल्या डोसापासून तिसऱ्यापर्यंत जवळजवळ एक वर्ष! मधल्या जानेवारीत ओमायक्रॉनची लाट येऊन गेली. तुलूझच्या अभ्यासातील रुग्णांना हेच तीन डोस काही महिन्यांत मिळाले होते. आमचा रिक्षाचालक कल्पित आहे, तारखांमधले अंतर कल्पित नाही. ते सरकारी आदेशांतून आलेले आहे.

सारखेपणा आणि समता

येथे आमच्या मुद्द्याचा गाभा आहे. राज्यकर्ते म्हणतील, आम्ही कोणात भेदभाव केला नाही, सर्वांना एकच नियम लावला. हा युक्तिवाद आम्ही फार वर्षे ऐकत आलो आहोत. विषम परिस्थितीत उभ्या असलेल्यांना एकच फूटपट्टी लावायची आणि त्याला न्याय म्हणायचे, ही हातचलाखी आमच्या समाजाला चांगली परिचित आहे. ज्याच्या पायात बेडी आहे आणि ज्याच्या पायात बूट आहे, त्या दोघांना एका रेषेवर उभे करून शर्यत लावली तर तिला कोणी समान संधी म्हणेल काय?

भारतीय संविधानाने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. कलम १४ समता देते आणि कलम १५ व १६ मधील विशेष तरतुदी ती समता प्रत्यक्षात उतरवण्याची वाट दाखवतात. १९७५ साली केरळ राज्य विरुद्ध एन. एम. थॉमस या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विशेष तरतुदीकडे समतेचा अपवाद म्हणून न पाहता समतेचेच अंग म्हणून पाहिले. हे तत्त्व नोकरी-शिक्षणापुरते का मानायचे? ज्याच्या शरीरात दोन डोस पुरत नाहीत त्याला तिसरा देणे ही मेहेरबानी नाही. इतरांना जे दोन डोसांत मिळाले त्याच्या जवळपास त्याला नेऊन पोहोचवणे आहे. आरक्षणाला कुबडी म्हणणाऱ्यांनी या उदाहरणावर थोडा विचार करावा.

लसीच्या धोरणावर सर्वोच्च न्यायालयानेही बोट ठेवले होते. १८ ते ४४ वयाच्या लोकांना विकतची लस देण्याचे धोरण सकृद्दर्शनी मनमानी आणि अतार्किक असल्याचे न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात म्हटले. आठवडाभरात पंतप्रधानांना धोरण बदलल्याची घोषणा करावी लागली. जनतेने आणि न्यायालयाने विचारले तर सरकार बदलते. या रुग्णांच्या बाजूने तेवढ्या जोरात विचारणारे कोणी नव्हते.

औषध आहे, पण कोणासाठी?

लस कमी पडली तर तयार प्रतिपिंडे शिरेतून देण्याचा उपाय २०२१ च्या मे महिन्यात भारतात आला. कॅसिरिव्हिमॅब आणि इमडेव्हिमॅब या दोन प्रतिपिंडांचे मिश्रण. प्रत्यारोपित रुग्णासाठी ते खरोखर उपयोगाचे होते, कारण त्याचे शरीर जे तयार करू शकत नव्हते ते बाहेरून मिळत होते. किंमत मात्र एका रुग्णामागे ५९,७५० रुपये! महिन्याला दहा-बारा हजार कमावणाऱ्या घरात एवढे पैसे तापाच्या पहिल्या आठवड्यात आणायचे कोठून? ओमायक्रॉन आल्यावर ते औषधही निष्प्रभ ठरले. पण तोपर्यंतच्या सात-आठ महिन्यांत जीव वाचण्याची संधी खिशाच्या मापाने वाटली गेली, हे विसरता येणार नाही.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाचा समावेश आहे. त्यासाठीची अडीच लाखांची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने साडेचार लाख झाली, ही चांगली गोष्ट आहे. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना औषधांसाठी महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. वस्तीतल्या किती रुग्णांना ही तरतूद माहीत आहे? कार्यकर्त्यांनी हा प्रश्न आपल्या वॉर्डात, आपल्या तालुक्यात विचारून पाहावा. कागदावरची योजना हक्क सांगितल्याशिवाय दारात येत नाही.

आणखी एक कडू सत्य. देशात १९९५ ते २०२१ या काळात नोंदलेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी स्त्रियांच्या वाट्याला केवळ ६,९४५ आली. पाचात चार पुरुष. आणि हयातीत अवयव देणाऱ्यांत मात्र बहुसंख्य स्त्रिया. आई देते, बायको देते, बहीण देते. स्त्री आजारी पडली की घर म्हणते, बघू पुढे. ज्या घरात बायकोने नवऱ्याला किडनी दिली त्या घरात कोरोनाकाळात त्याची सेवा करणारीही तीच होती, एका किडनीवर. तिची तपासणी, तिची लस, तिची विश्रांती कोणाच्या हिशेबात होती?

काढ्याचा बाजार

'प्रतिकारशक्ती वाढवा' ही २०२० सालची सर्वात मोठी घोषणा होती. काढे आले, चूर्णे आली, थाळ्या वाजल्या. ज्याचा जीव प्रतिकारशक्ती आवरून धरण्यावर अवलंबून आहे त्याला हे सल्ले किती घातक, याचा विचार कोणी केला नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला. वाद काही असो, प्रत्यारोपण झालेल्या माणसाने डॉक्टरांना न विचारता काढा, चूर्ण, जडीबुटी काहीही घेऊ नये. 'नैसर्गिक आहे, त्रास होणार नाही' ही समजूत त्याला परवडणारी नाही. तपासल्याशिवाय, पटल्याशिवाय काही स्वीकारू नका, ही शिकवण आपल्याला बुद्धाने दिली आहे. ती देव्हाऱ्यात ठेवण्यासाठी नाही, औषधाच्या दुकानातही ती वापरायची असते.

सावधगिरी ॲलोपॅथीच्या औषधातही हवी. कोरोनावरील गोळ्यांपैकी निरमॅट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर ही जोडगोळी प्रभावी मानली जाते. पण त्यातील रिटोनाव्हिर टॅक्रोलिमसचे शरीरातील विघटन रोखते. परिणामी टॅक्रोलिमस रक्तात धोकादायक पातळीला पोहोचते आणि ज्या किडनीसाठी ते घेतले तिलाच ते जाळते. म्हणून ताप आला की त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करावा, चाचणी करून घ्यावी. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत, आपल्या मनाने वेदनाशामक गोळ्याही घेऊ नयेत. नेहमीच्या औषधांची चिठ्ठी खिशात ठेवावी आणि कोणत्याही नव्या डॉक्टरला ती आधी दाखवावी.

बंधुता शरीराला लागते

शेवटी एक गोष्ट. तीन-चार डोसांनंतरही काही रुग्णांच्या शरीरात पुरेसे संरक्षण तयार होत नाही. त्यांना वाचवायचे कोणी? उत्तर एकच, आजूबाजूच्यांनी. घरातल्या सर्वांनी लस घेतली, खोकला असताना मुसके बांधले, ताप असताना त्याच्या खोलीत जाणे टाळले, तर त्याच्याभोवती एक कडे तयार होते. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला वेगळी खोली कोठून मिळणार? तेथे शेजाऱ्याने चार दिवस आपले दार उघडले पाहिजे, विहाराचे सभागृह उघडले पाहिजे. 'सामाजिक अंतर' हा शब्द आम्हाला तेव्हाही खटकला होता. अंतर दोन शरीरांत ठेवायचे असते, माणसामाणसांत नाही. या देशाने सामाजिक अंतर हजारो वर्षे पाळलेच आहे, त्याची फळे आम्ही भोगली आहेत.

स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत देशाला बजावले. प्रत्यारोपित रुग्णाच्या बाबतीत हे शब्दशः खरे ठरते. त्याचे घराबाहेर पडण्याचे स्वातंत्र्य त्याला मिळालेल्या विशेष संरक्षणावर अवलंबून आहे आणि जिथे औषध हरते तिथे ते शेजाऱ्याच्या बंधुतेवर अवलंबून आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पुढची साथ येण्याची वाट न पाहता प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांसाठी लसीकरणाचे स्वतंत्र, कायमचे धोरण ठरवा. त्यात वयाची अट नको, गरजेची अट हवी. कोरोनाबरोबरच इन्फ्लुएंझा आणि न्यूमोकॉकल लसीही या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना मोफत द्या. प्रत्यारोपणाची नोंद कायद्याने ठेवावीच लागते, मग त्या नोंदीवरून रुग्णाला बोलावणे धाडा, त्याला संकेतस्थळांवर रांगा लावायला लावू नका. औषधांच्या साहाय्याची माहिती प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मराठीत लावा. आणि अवयव देणाऱ्या स्त्रीची तपासणी तिच्या हयातीपर्यंत मोफत करा.

१० मार्च १८९७ रोजी सावित्रीमाई फुले प्लेगने गेल्या. प्लेग झालेल्या एका अस्पृश्य मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचल्या होत्या. ज्याला चालवत नव्हते त्याला उचलावे लागते, हे त्यांना कोणत्याही समितीने सांगावे लागले नव्हते. त्यांच्या घराण्याच्या नावाने योजना चालवणाऱ्या सरकारला आमचे एवढेच सांगणे आहे की, चालणाऱ्यांची गणती करून थांबू नका. ज्यांना उचलावे लागते ते किती आहेत, कोठे आहेत, ते मोजा आणि तेथे पोहोचा.